सुया वाटणारं केंद्र

माझे धाकटे दीर गावाहून आमच्याकडे सिल्वासाला आले तेव्हा जेमतेम विशीतले होते. आम्ही नंदुरबारकडचे. माझे मिस्टर लग्नाच्या आधीपासून इथल्या एका यार्नच्या कंपनीत फिटर होते. त्यांनी ठेकेदाराला सांगून भाऊजींनाही तिथेच चिकटवलं. डोकमर्डीतल्या आमच्या दोन खोल्यांत मग आम्ही तिघं राहायला लागलो. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मी ब्लाऊज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करते. भाऊजी त्याच खोलीत मशीनच्या शेजारी अंथरूण टाकायचे. झोपायच्या आधी खाली पडलेल्या टाचण्या एकेक उचलून डबीत ठेवायचे, आणि "वहिनी, उद्या टाचणी टोचली तर तुमच्या नावाने ओरडेन," असं म्हणायचे.

त्यांचं काम म्हणजे भरलेली बॉबिन काढायची, रिकामी लावायची, आणि पूर्ण शिफ्ट उभं राहायचं. कंबर धरायची. दुखणं थांबवायला सोबतच्या कुणीतरी काहीतरी ओढायला दिलं, गर्द. दुखणं थांबलं, पण ते ओढणं काही थांबलं नाही, आणि ओढण्यावरून गोष्ट सुईवर गेली. हे मला फार नंतर कळलं, तेही त्यांच्याच तोंडून. मला दिसलं ते एवढंच की माणूस वाळत चालला होता, जेवणावर बसून भाताशी खेळत होता, आणि भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरत होता.

एका सकाळी ते कामावर गेले नाहीत. अंगात ताप होता. पाणी द्यायला गेले तर खोलीत कसलातरी कुबट वास. मी म्हटलं, "बाही वर करा." ते नाही म्हणाले. मी त्यांच्या हाताला नुसता धक्का लावला तर कळवळले. मग त्यांनी स्वतःच बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला मोठं गळू होतं, भोवतीची कातडी जांभळी, आणि खाली मनगटापर्यंत बारीक बारीक काळे ठिपके.

"मशिनचं लागलं," ते म्हणाले.

मिस्टर शिफ्टला गेले होते. रिक्षा करून मीच भाऊजींना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी हात बघितला, ठिपके बघितले, आणि पेन खाली ठेवलं. "ह्यांना इथे नका आणत जाऊ. बाकीचे पेशंट बसलेत," असं माझ्याकडे बघून म्हणाले. भाऊजींशी एक शब्द नाही. बाहेर बाकावर बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. आम्ही पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो. मला रडू यायला लागलं, आणि रडू नेमकं कशाचं, अपमानाचं की भीतीचं, तेही कळेना.

तेव्हा भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, एक जागा माहितीये मला. तिथं हाकलत नाहीत."

ती जागा म्हणजे टायरच्या दुकानामागच्या गल्लीत एक बैठं घर होतं. बाहेर चपलांचा ढीग. आत पंखा, कॅरम, भिंतीला टेकून बसलेले काही पुरुष, एकजण चक्क गाढ झोपलेला. मी दारातच थांबले. आतून सिस्टर आली, तिने भाऊजींना बघितलं आणि ओरडली, "अरे, तुला मी म्हटलं होतं ना, गरम वाटायला लागलं की लगेच ये म्हणून! बस इथे." तिने त्यांना नावाने हाक मारली होती. म्हणजे ते इथे येत होते. मला घरात बसून ज्याचा पत्ता नव्हता ते या बाईला सगळं माहीत होतं.

सिस्टरने गळू फोडलं, साफ केलं, पट्टी बांधली. भाऊजींनी ओठ दाबून धरले होते. मी दुसरीकडे तोंड वळवलं तर समोर टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं. त्यात कोऱ्या सुया आणि सिरिंज. एक माणूस आत आला, एका जाड डब्यात जुन्या सुया टाकल्या, खोक्यातल्या नव्या घेतल्या आणि निघून गेला. कुणी त्याला काही विचारलं नाही.

माझं डोकं फिरलं. तिथे एक मॅडम बसल्या होत्या, डहाणूकडच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्या घरच्या माणसांशी बोलायचं काम करतात हे मला नंतर समजलं. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही सुया वाटता? नशा करायला?"

"हो," त्या म्हणाल्या. "बसा ना, ताई."

"मी बसायला नाही आले. आमचं पोरगं मरायला टेकलंय आणि तुम्ही त्याच्या हातात सुया देता?"

त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "ताई, तुमच्या भाऊजींना आम्ही सुई दिली नाही तर ते घ्यायचं थांबतील का? नाही थांबणार. दुसऱ्याची उष्टी सुई घेतील. त्यातून हे असं गळू होतं, कावीळ होते, एड्स होतो. सोडायचं तेव्हा सोडतील, त्यालाही आम्ही मदत करू. पण सोडायला माणूस जिवंत तर पाहिजे."

"त्यापेक्षा दोन थोबाडीत द्या आणि कोंडून घाला."

"तेही खूप जणांनी करून बघितलंय," त्या म्हणाल्या.

मला ते पटलं नाही. परत येताना रिक्षात मी भाऊजींशी बोलले नाही. पण रस्ताभर एक गोष्ट डोक्यातून जाईना. दवाखान्यात त्यांच्या हाताला कुणी हात लावला नव्हता, आणि इथे त्या सिस्टरने तो मांडीवर घेऊन धुतला होता.

त्या केंद्रात त्यांचं रक्त तपासलं. एड्सचं काही निघालं नाही. कावीळ मात्र निघाली, रक्तातून पसरणारी, आतल्या आत लिव्हर खाणारी. सरकारी दवाखान्यात तिच्या गोळ्या मिळाल्या आणि त्या पूर्ण घेतल्यावर ती बरी झाली, हे इथेच सांगून टाकते. पण गोळ्या सुरू होण्याआधीच घरात भडका उडाला.

मिस्टरांना भाऊजींच्या बॅगेत सुयांचं पाकीट सापडलं. त्यांनी बॅग उचलली, भाऊजींचे कपडे तिच्यात कोंबले आणि दाराबाहेर ठेवली. भाऊजी आले तसे मिस्टर म्हणाले, "आईला काय तोंड दाखवू मी? तुला इथं मी आणला."

"दादा, मी सोडणारे. थोडा वेळ..."

"चालता हो."

मी मध्ये पडले तर माझ्यावरही ओरडले. चाळीतले लोक दारात येऊन उभे होते. भाऊजींनी बॅग उचलली आणि कुणाकडेही न बघता गेले.

ते दमणगंगेच्या अलीकडे एका बंद पडलेल्या गोडाऊनच्या पडवीत राहत होते. मला हे केंद्रातून कळलं, कारण दुसऱ्याच दिवशी मी तिथे गेले. ज्या बाईशी भांडून आले होते तिच्याचपुढे बसले आणि डबा ठेवला. "त्यांना पोचवाल?" मॅडम हो म्हणाल्या. मग रोज मिस्टर कामावर गेले की मी डबा नेऊन द्यायचे, आणि केंद्रातला माणूस सुया, मलमपट्टी घेऊन फिरायला निघाला की त्याच पिशवीत माझी भाकरी-भाजी जायची. संध्याकाळी रिकामा डबा घासून मी फडताळात मागे लपवायचे. गावाहून सासूबाईंचा फोन आला की मिस्टर म्हणायचे, तो शिफ्टला गेलाय. सासूबाई आमच्या अहिराणीत विचारायच्या, "मना आंडोर मनाशी बोलत का नही?" माझा मुलगा माझ्याशी का बोलत नाही? मिस्टर फोन माझ्याकडे द्यायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे.

शनिवारी केंद्रात घरच्या बायकांची बैठक व्हायची. मी सुरुवातीला डब्याच्या निमित्ताने मागे बसायचे. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. एक ओडिशाकडची होती, तिला मराठी येत नव्हतं, ती हिंदीत बोलायची आणि अडली की नुसती हाताने दाखवायची. तिथे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं की माझे दीर गर्द घेतात. कुणाला धक्का बसला नाही. एवढ्या महिन्यांत त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली.

मिस्टरांच्या मनात मात्र दुसरंच होतं. कंपनीतल्या कुणीतरी त्यांना सुरतेच्या पुढच्या एका व्यसनमुक्तीच्या जागेचा पत्ता दिला. तिथे कोंडून ठेवतात, सुटका म्हणून नाही. एका दुपारी ते दोन मित्रांना घेऊन गोडाऊनवर गेले आणि भाऊजींना गाडीत घालून घेऊन गेले. मला रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही आशा वाटली. कोंडून का होईना, पण सुटेल.

काही महिन्यांनी भाऊजी परत आले ते डोकं भादरलेले, गाल भरलेले, आणि गप्प. तिथे काय झालं ते त्यांनी कधीच नीट सांगितलं नाही. कुणी मोठ्याने बोललं की खांदे आवळायचे, तेवढं मात्र दिसायचं. मिस्टर खूश होते. त्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले, गावी आईलाही कारण न सांगता पाठवले. बॅग पुन्हा शिलाई मशीनच्या शेजारी आली.

त्याच आठवड्यात मॅडम घरी आल्या. मिस्टरांची सुट्टी होती. मी चहा टाकला. मॅडम भाऊजींना म्हणाल्या, "तब्येत छान झाली. बरं वाटलं बघून." मग मिस्टरांकडे वळल्या. "दादा, एक सांगायला आले. इतके दिवस यांच्या अंगात काही गेलेलं नाही. शरीराची सवय मोडलीय. उद्या चुकून घेतलं आणि पूर्वीइतकंच घेतलं, तर श्वास बंद पडेल. पहिले काही आठवडे फार जपायचे. दवाखान्यात जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, रोज समोर बसवून देतात. ती सुरू केली तर तलफ ताब्यात राहते."

"तो बरा झालाय," मिस्टर म्हणाले. "आता कसली गोळी? एक सोडायचं आणि दुसरं धरायचं? घरात पाऊल टाकून असलं अभद्र कशाला बोलता?"

"देव करो आणि त्याची गरज न पडो," मॅडम म्हणाल्या. "पण मी ताईंना शिकवून जाते. पाच मिनिटं लागतील."

मिस्टरांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि पाठ करून बसले. मॅडमनी माझी शिवणाची उशी जमिनीवर ठेवली. माणूस निळा पडला, हलवून उठेना, तर आधी फोन. मग पाठीवर झोपवायचं, मान मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरायचं, तोंडावर तोंड ठेवून फुंकायचं, छाती वर येते का बघायचं. श्वास यायला लागला की कुशीवर. त्यांनी माझ्याकडून उशीवर करून घेतलं. मला लाज वाटत होती. भाऊजी भिंतीकडे बघत बसले होते, त्यांच्याबद्दल ते तिथे नसल्यासारखं बोलणं चाललं होतं. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या त्यांना म्हणाल्या, "तुम्हालाही आलं पाहिजे. तुमच्यासमोर दुसरा कुणी पडला तर?" मग भाऊजींनीही उशीवर करून दाखवलं, आणि माझ्याहून चांगलं केलं.

त्यानंतरच्या रविवारची दुपार. जेवणं झाली होती. मिस्टर आडवे झाले होते. मी एका लग्नाचे ब्लाऊज पुरे करत होते. भाऊजी न्हाणीत गेले, नळ सोडल्याचा आवाज आला. मी एक बाही जोडली, दुसरी जोडायला घेतली. नळ चालूच होता. आमच्याकडे पाणी दिवसातून एकदाच येतं, कुणी असा नळ सोडून ठेवत नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग मी इतक्या जोरात किंचाळले की मिस्टर अंथरुणातून थेट न्हाणीच्या दारावरच आदळले.

कडी तुटली. भाऊजी भिंतीला टेकून बसलेले, मान छातीवर, ओठ निळे-काळे. सुई खाली पडलेली. मी फोन लावला, मॅडमना एवढंच म्हणाले, "घरी, घरी या." मग खाली बसले आणि माझे हात हलेनात. उशीवर शिकलेलं सगळं डोक्यात होतं, मान मागे, हनुवटी वर, मला शब्दसुद्धा आठवत होते, पण हात जणू दुसऱ्या कुणाचे होते.

मिस्टरांनी मला बाजूला सारलं. भावाला ओढून स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं केलं, मान मागे केली, हनुवटी वर उचलली, नाक चिमटीत धरलं आणि तोंडावर तोंड ठेवलं. फुंकलं. छातीकडे बघितलं. पुन्हा फुंकलं. त्या दिवशी पाठ करून बसलेल्या माणसाने टीव्हीच्या आवाजातून शब्द न् शब्द ऐकला होता. ते फुंकत होते आणि मधल्या क्षणात "ऊठ रे, ऊठ" म्हणत होते, आणि मी भाऊजींचे तळपाय चोळत होते, कारण माझ्या हातांना तेवढंच जमत होतं.

सिस्टर स्कूटीवरून आली. तिच्याजवळ उताऱ्याचं इंजेक्शन होतं, ते तिने कपड्यांवरूनच मांडीत दिलं. थोड्या वेळाने भाऊजींनी घरघरत मोठा श्वास घेतला, डोळे उघडले, आणि सगळ्यांवर चिडल्यासारखे बघायला लागले. सिस्टर म्हणाली, "चिडू दे. दवाखान्यात चला, या औषधाचा असर उतरला की पुन्हा श्वास मंदावू शकतो." शेजाऱ्यांच्या रिक्षातून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. मिस्टरांनी भाऊजींचं डोकं मांडीवर धरलं होतं. त्यांच्या बनियनला न्हाणीतलं पाणी लागलं होतं आणि ते चप्पल घालायला विसरले होते.

दवाखान्याच्या पडवीत ते माझ्याशी बोलले. "घेतलंच तर पूर्वीइतकं घेऊ नको, असं कुणी माझ्यासमोर त्याला सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्याला मारलं असतं." मग म्हणाले, "पण त्या बाईने सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बुडवून ते स्वतः भाऊजींना गोळीच्या खिडकीवर घेऊन गेले. तेव्हापासून त्यांचा तोच नेम झाला. सकाळी मोटारसायकलवर दोघं भाऊ जातात, भाऊजी आत जाऊन नर्सबाईंसमोर गोळी जिभेखाली विरघळवतात, मिस्टर बाहेर गाडीवर बसून राहतात. सुरुवातीला ते आत पाऊल टाकत नव्हते. एकदा पाऊस आला म्हणून छपराखाली गेले, तिथे आणखी कुणाचा तरी बाप उभा होता. दोघं बोलायला लागले. आता केंद्रातल्या शनिवारच्या बैठकीला बायकांबरोबर चार पुरुषही असतात, त्यात एक माझे मिस्टर. बोलतात कमी. पण एकदा एक म्हातारे गृहस्थ सांगत होते की मुलाला साखळीने बांधून ठेवलंय, तेव्हा मिस्टर म्हणाले, "मी पाठवला होता माझ्या भावाला कोंडायला. परत आल्यावर त्याला चुकूनसुद्धा सांगता येईना की मला पुन्हा तलफ येतेय. मला खूश बघून तो घाबरत होता." ते भाऊजींनी त्यांना कधी सांगितलं होतं, मला माहीत नाही.

सासूबाईंना आम्ही खरं सांगितलं ते त्या इकडे आल्यावर. मिस्टर सांगत होते, भाऊजी जमिनीकडे बघत होते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं रडतील, देवाला बोल लावतील. त्या भाऊजींना म्हणाल्या, "हात दाखव." त्यांनी बाही वर केली. गळवाचा व्रण, बाकी ठिपके. सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दुखतं का आता?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग मला उगा पेढे कशाला पाठवले होते तुम्ही? तेव्हाच सांगायचं होतं." मग त्या मिस्टरांवर रुसल्या, भाऊजींवर नाही, आणि तो रुसवा त्या परत जाईपर्यंत टिकला.

भाऊजींना जुन्या कंपनीने परत घेतलं नाही. ते आता मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळतात, बसून करायचं काम आहे. गोळी चालू आहे. मध्ये दोनदा पाय घसरला. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, एकदा मला, एकदा मिस्टरांना. मिस्टरांनी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं, मग स्वतःच फरशी पुसली, आणि सकाळी गाडी काढली. डॉक्टर म्हणतात गोळी हळूहळू कमी करता येईल, घाई नको. चाळीतल्या बायका विचारतात, "सुटलं का हो तुमच्या दिराचं?" मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. पूर्वी मला वाटायचं, सुटलं किंवा नाही सुटलं, यापलीकडे तिसरं काही नसतं.

ते न्हाणीत गेले की माझं मशीन आजही थांबतं. हे त्यांना कळलंय. म्हणून आत गेले की ते काहीतरी मोठ्याने बोलत राहतात. दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या तक्रारी, क्रिकेटचा स्कोअर, पाणी किती गार आहे. मिस्टर बाहेरून ओरडतात, "आवर लवकर, मला उशीर होतोय." आतून भाऊजी म्हणतात, "दादा, आज तू आधी जायचं होतंस." आणि दोघांचं न्हाणीवरून भांडण सुरू होतं. मी बाही जोडायला घेते.